खेळात हरवणारं यंत्र हुशार म्हणायचं का?

तिरका उंट

११ मे १९९७ ला न्यूयॉर्कमध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाकडून सहावा डाव १९ खेळ्यांत हरला आणि सामना ३.५-२.५ असा यंत्राने जिंकला. या सामन्याचा विषय निघाला की सगळे त्या शेवटच्या डावाकडे धावतात. माझं लक्ष मात्र पहिल्या दोन डावांवरच अडकलंय, म्हणून हा धागा.

पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. पण हरता हरता डीप ब्लूने ४४ वी खेळी अशी केली की कुणाला तिचा अर्थच लागेना. हत्ती थेट डी१ वर. त्यात धमकी नाही, बचाव नाही. कास्पारोव्हच्या गोटात यावर खल झाला आणि निष्कर्ष असा निघाला, की दुसरी सरळ खेळी केली तर कितीतरी खेळ्यांनंतर मात होते हे यंत्राला दिसलं असणार. म्हणजे हे आपल्या अंदाजापेक्षा फार खोल बघतंय! पुढे बऱ्याच वर्षांनी, डीप ब्लू बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या मरे कॅम्पबेलने सांगितलं की तो बग होता. खेळी ठरेना, तेव्हा यंत्राने हाताला लागली ती खेळून टाकली.

दुसऱ्या डावात बरोबर उलटं घडलं. वजीर आत घुसवून प्यादी खायची सोपी वाट समोर होती. ती सोडून यंत्राने आधी पट आवळला, ३७ व्या खेळीला उंट शांतपणे ई४ वर ठेवला आणि समोरच्याचा प्रतिहल्ला सुरू होण्याआधीच मोडून काढला. कास्पारोव्हला वाटलं, हे यंत्राचं काम नव्हे, आत कुणीतरी माणूस आहे. त्याने यंत्राच्या विचाराच्या नोंदी मागितल्या. वर त्याने तो डाव सोडूनही दिला, आणि नंतरच्या विश्लेषणात निघालं की शह देत देत बरोबरी साधायची वाट शिल्लक होती.

बग होता तिथे जगज्जेत्याला प्रज्ञा दिसली. खेळी खरोखर चांगली होती तिथे त्याला लबाडीचा वास आला. त्याच्याइतका पट वाचणारा माणूस त्या वेळी पृथ्वीवर नव्हता. तोही फक्त खेळ्या बघून पलीकडे काय आहे हे ओळखू शकला नाही, तर आपण कोण?

म्हणून मला वाटतं, यंत्र जिंकतं कसं हे बघण्यापेक्षा ते फसतं कसं हे बघावं. डीप ब्लूच्या आधीचं त्याच घराण्यातलं यंत्र म्हणजे डीप थॉट. गणितज्ञ रॉजर पेनरोझने त्याचं एक उदाहरण दिलंय. पांढऱ्याकडे फक्त राजा आणि प्यादी. काळ्याकडे हत्ती आहेत, उंट आहे. पण प्याद्यांची भिंत पटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अशी अडकलीय की काळ्याला पलीकडे यायला फटच नाही. पांढऱ्याने भिंतीमागे राजा नुसता हलवत राहायचं, डाव बरोबरीत. शिकायला लागून महिना झालेल्या पोरालाही हे दिसेल. डीप थॉटला मात्र प्याद्याने हत्ती खाता येत होता, म्हणून त्याने तो खाल्ला. भिंत फुटली आणि डाव गेला.

डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं. त्यासाठी बुद्धिबळापुरत्या बनवलेल्या ४८० चिप्स होत्या. सुरुवातीच्या खेळ्यांचं पुस्तक जोएल बेंजामिनसारख्या ग्रँडमास्टरांनी भरून दिलेलं. हे अफाट काम आहे यात वाद नाही. त्याला हुशारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कावेबाज

उंटराव, तुमच्यासारखे लोक दर वेळी रेघ पुढे सरकवतात. १९५० साली गणितज्ञ क्लॉड शॅनन बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावर लिहीत होता, तेव्हा प्रश्नच असा होता की हे जमलं तर यंत्र विचार करतं असं मानायचं का. जमलं. मग म्हणे बुद्धिबळ ही नुसती आकडेमोड, 'गो' हा गोट्यांचा पटावरचा खेळ खेळून दाखवा. तेही झालं. मग म्हणे पत्ते लपवलेल्या खेळात काय करणार? २०१७ मध्ये लिब्राटस या प्रोग्रामने पोकरच्या व्यावसायिकांना धुतलं. आता तुमची नवी अट: फसायला नको!

फसण्यावरून ठरवायचं तर नोव्हेंबर २००६, बॉन. क्रॅमनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ हा बुद्धिबळाचा प्रोग्राम, दुसरा डाव. गादीवरचा जगज्जेता एका खेळीतली मात बघू शकला नाही. वजीर भलतीकडे नेला आणि मात झाली. महिनाभर शिकलेल्या पोराला दिसेल म्हणता ना, हीसुद्धा दिसली असती. मग क्रॅमनिकला बुद्धी नाही असं लिहायचं का?

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. उंट तिरके जाणार, कावेबाज सरळ जाणार नाहीत.

गोबान

गोचा विषय निघालाच आहे तर लिहितो. ओसाकात राहतो आणि इथल्या क्लबात कच्च्या खेळाडूंत मोडतो.

मार्च २०१६, सोल. अल्फागो या प्रोग्रामने गोचा नामांकित कोरियन खेळाडू ली सेडोलला ४-१ ने हरवलं. दुसऱ्या डावातली त्याची ३७ वी खेळी सगळ्यांना माहीत आहे. पाचव्या ओळीवर खांद्याला भिडवलेली गोटी, जी आम्हाला शिकवताना करू नका म्हणून सांगतात. माणसाने ती खेळण्याची शक्यता अल्फागोच्या स्वतःच्याच हिशेबाने दहा हजारात एक होती. शंभर खेळ्यांनंतर त्या गोटीचं मोल लोकांना कळलं. ती बघून मीही म्हणालो होतो, संपलं, हे हुशार आहे.

पण २०२२-२३ मधला प्रकार कमी लोकांना माहीत आहे. कॅटागो हा आज कुणालाही फुकट मिळणारा गो-प्रोग्राम, कुठल्याही माणसापेक्षा वरचढ. काही संशोधकांनी त्याला हरवण्यासाठीच दुसरा प्रोग्राम शिकवून तयार केला आणि त्याला एक विचित्र युक्ती सापडली. ती समजायला गोचं थोडं सांगावं लागेल. गोट्यांचा गट जगतो तो त्याला लागून असलेल्या मोकळ्या जागांवर. त्या सगळ्या भरल्या की गट मेला. आपल्या गटाच्या आत दोन वेगवेगळे 'डोळे', म्हणजे आपल्याच गोट्यांनी बंद केलेली मोकळी घरं, राखले की तो कायमचा जगला.

युक्ती अशी. आधी आपला एक लहानसा गट जिवंत करायचा आणि कॅटागोला त्याभोवती वेढा घालू द्यायचा. तो वेढा म्हणजे कॅटागोच्या गोट्यांचं बंद कडं. मग बाहेरून त्या कड्याला आपण वेढायला लागायचं, अधूनमधून पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात खेळत, आरामात. कॅटागोला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण प्रचंड पुढे आहोत. कड्याच्या मोकळ्या जागा एकेक करून भरत जातात आणि तो काहीच करत नाही. एक घर उरलं की खेळ खलास. असं मोठं कडं घेरलं जातंय हे आमच्या क्लबातल्या शाळकरी पोराच्या नजरेतून सुटणार नाही.

एका अमेरिकी हौशी खेळाडूने ही युक्ती समजून घेतली आणि डाव चालू असताना संगणकाची कसलीही मदत न घेता १५ पैकी १४ डाव जिंकले. पुढे अशा डावांवर कॅटागोला मुद्दाम पुन्हा शिकवलं, तर संशोधकांना हल्ल्याच्या दुसऱ्या वाटा सापडल्या.

कावेबाज, क्रॅमनिकची चूक आणि ही चूक एका जातीच्या नाहीत. क्रॅमनिकची नजर एकदा चुकली. त्याला तीच मात पुन्हा दाखवून १५ पैकी १४ डाव काढता येतील का?

मास्तरीणबाई

मी आठवी-नववीला गणित शिकवते. यंत्राचं 'शिकणं' मुलांना दाखवायला मला काडेपेट्या फार उपयोगी पडल्या, म्हणून लिहिते.

डोनाल्ड मिची हा ब्रिटिश शास्त्रज्ञ युद्धकाळात ब्लेचली पार्कला, जर्मन संकेत फोडायच्या केंद्रात, संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ट्युरिंगबरोबर होता. त्याने १९६१ मध्ये ३०४ काडेपेट्यांचं फुली-गोळा खेळणारं यंत्र केलं. डावातली प्रत्येक वेगळी स्थिती म्हणजे एक पेटी. पेटीत रंगीत मणी, एकेक रंग म्हणजे एकेक घर. आपली स्थिती असलेली पेटी हलवायची, जो मणी पुढे येईल त्या घरात खेळायचं. डाव हरला तर वापरलेले मणी काढून घ्यायचे. बरोबरी झाली तर त्याच रंगाचा एक मणी वाढवायचा, जिंकला तर तीन. एवढंच. सुरुवातीला यंत्र वेड्यासारखं खेळतं, पुढे पुढे त्याला हरवणं अवघड होत जातं.

३०४ पेट्या वर्गात कुठून आणणार? मार्टिन गार्डनरने १९६२ मध्ये हेक्सापॉन नावाचा छोटा खेळ आणि त्याचं २४ पेट्यांचं यंत्र सांगितलं होतं, ते आम्ही केलं. तीन बाय तीनचा पट, दोन्हीकडे तीन तीन प्यादी. तासाच्या सुरुवातीला मुलं पेट्यांना हसत होती. पण पेट्या जिंकायला लागल्यावर एका मुलीने मणी काढून घेताना खालच्या आवाजात पेटीला "सॉरी" म्हटलं. दुसरा म्हणाला, "बाई, तिला आता कळायला लागलंय." मी विचारलं, कुणाला, कुठल्या पेटीला? वर्गात मोठा गोंधळ झाला. एक गट म्हणाला पेट्यांना काही कळत नाही, नियम बाईंनी सांगितले आणि मणी आपण हलवले. दुसरा म्हणाला, मग आपल्या मेंदूत तरी काय आहे?

मला त्यांच्यात निवाडा करता आला नाही. पण पुस्तकात 'यंत्र शिकते' एवढं वाक्य वाचण्यापेक्षा हे भांडण बरं.

रिकामटेकडा

बाई, आमच्या देवघरातली काडेपेटी पावसाळ्यात पेटतसुद्धा नाही, तिला फुली-गोळा कुठला शिकवू?

अनुस्वार

मानसशास्त्राची विद्यार्थिनी होते, त्या नात्याने. यंत्र नुसती ओळखीची नक्षी पाहतं, अनोळखी आली की फसतं, अशा सुरात सगळे इथे त्याला कमी लेखतायत. माणूस काय वेगळं करतो, ते आधी बघा.

डच मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः तयारीचा बुद्धिबळपटू असलेल्या आड्रियान द ग्रूटने १९४६ च्या प्रबंधात मोठ्या खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावलं. ग्रँडमास्टर इतरांपेक्षा कितीतरी पुढच्या खेळ्या मोजत असतील, असा सगळ्यांचा समज होता. तसा फार फरक दिसला नाही. त्यांना मुळात चांगल्याच खेळ्या सुचत होत्या. मग १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवून तो आठवणीतून मांडायला सांगितला. खऱ्या डावातली स्थिती असेल तर मास्टर सोळाएक मोहरे बरोबर लावायचा आणि नवशिका चार-पाच मोहऱ्यांवर अडायचा. मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले की मास्टरची ही आघाडी जवळजवळ संपली! म्हणजे डोक्यात हजारो ओळखीच्या रचना साठवलेल्या असतात. अनोळखी रचना आली की उस्तादही आपल्यासारखाच. गोबान यांच्या कॅटागोसारखंच नाही का हे?

अवांतर: याच सायमनने सहकारी न्यूवेलबरोबर १९५८ मध्ये लिहिलं होतं की दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल. चाळीस लागली.

तिरका उंट

अनुस्वार, तुमचा मुद्दा माझ्या विरोधात जातो, पण फार आवडला. फक्त एक फरक सांगा. मोहरे विखरून ठेवल्यावर मास्टरला ते आठवत नाहीत, हे बरोबर. पण त्याच विखुरलेल्या पटावर 'आता खेळ' म्हटलं तर तो बसून विचार करेल आणि बरा खेळेल. 'हे मी कधी पाहिलेलं नाही' हे त्याला कळतं, म्हणून तो सावध होतो. कॅटागो बेसावध राहिला. स्वतःच्या अडाणीपणाची त्याला चाहूलच लागली नाही.

मास्तरीणबाई, तुमच्या वर्गातल्या पहिल्या गटात माझं नाव लिहा.

आणि कावेबाज, अल्फाझीरो या स्वतःशी खेळून शिकणाऱ्या बुद्धिबळ-प्रोग्रामचंच घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये बातमी आली की फक्त नियम सांगून चार तासांत तो स्टॉकफिश या तेव्हाच्या तगड्या बुद्धिबळ-प्रोग्रामच्या पुढे गेला, मग शंभर डावांत २८ जिंकला, ७२ बरोबरीत, एकही हरला नाही. चार तास ऐकायला छान वाटतात. एकूण शिकण्यात तो स्वतःशी ४.४ कोटी डाव खेळला, हजारो खास चिप्सवर. माणूस रोज दहा डाव खेळला तर त्याला बारा हजार वर्षं लागतील. एआय-संशोधक फ्रान्स्वा शोलेने २०१९ मध्ये मांडलेली कल्पना मला पटते: कौशल्य म्हणजे बुद्धी नव्हे, ते किती थोड्या अनुभवावर कमावलं त्यात बुद्धी.

कावेबाज

बारा हजार वर्षं! आणि तुमचा मेंदू घडायला उत्क्रांतीने किती कोटी वर्षं घेतली, ती कुणाच्या खात्यात? बाळ कोऱ्या पाटीने जन्मत नाही. अल्फाझीरो जवळजवळ तसाच जन्मला. आणि खेळताना तो सेकंदाला ८० हजार स्थिती बघत होता, स्टॉकफिश ७ कोटी. कमी बघून जास्त नेमकं निवडायचं, हे अनुस्वार यांच्या द ग्रूटने ग्रँडमास्टरबद्दल सांगितलेलंच वर्णन झालं की नाही?

सॅनहोजेकर

डीप ब्लूच्या दोन कपाटांपैकी एक इथे जवळच माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयात आहे, दुसरं वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये. काळं, उंच, गप्प. पाहुण्यांना दाखवायला नेलं की ते फ्रिजसारखं दिसतं म्हणून निराश होतात. त्या सामन्यानंतर ते पुन्हा कधी स्पर्धेत खेळलं नाही, ही गोष्ट मला कायम खटकते. हुशार खेळाडू जिंकल्यावर पुढचा सामना मागतो!

दुसरं एक उदाहरण देतो. ओपनएआयने २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीच्या एका गेमवर प्रोग्राम शिकवला. शर्यत पूर्ण करणं हा खेळणाऱ्याचा हेतू, पण गुण मिळायचे वाटेतल्या खुणांना धडकल्यावर. प्रोग्रामने एक आडबाजूचं खाजण शोधलं, तिथे तीन खुणा पुन्हा पुन्हा उगवायच्या. बोट गोल गोल फिरत त्यांना धडकत राहिली, मध्येच पेट घेत, इतर बोटींवर आदळत, उलट्या दिशेने जात. शर्यत कधीच संपवली नाही, गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त. म्हणजे त्याला गुण कळले, शर्यत कळलीच नाही.

कावेबाज

अर्धं पुस्तक ऑप्शनला टाकून ९५ टक्के मिळवणारे आपण सगळे. आपल्याला तरी कुठे शर्यत कळली होती?

मास्तरीणबाई

याला माझा निषेध नोंदवा. पण खरं आहे.

जुना सांगलीकर

सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत मोठा झालो, आता शेजारच्या पोरांना खेळायला बसवतो. तुमची चर्चा वरच्या पातळीवरची, मी खालचं सांगतो.

पूर्वी पोरगं हरलं की दोघं मिळून पट पुन्हा मांडायचे. इथे घोडा का आणलास, तिकडे का नाही, यावर तासभर हुज्जत. आता मोबाइलवर डाव टाकतात, इंजिन लाल खूण करतं, पोरगं म्हणतं "आजोबा, इथे उणे दोन झालं", म्हणजे दोन प्याद्यांइतकं मागे पडलं. बरं झालं, पण का झालं? ते त्याला माहीत नाही, आणि इंजिनही सांगत नाही. शब्दांत सांगणारे चॅटबॉट आलेत म्हणून नातवाने मला एक उघडून दिला. सुरुवातीच्या दहा-बारा खेळ्या पुस्तकी बोलला, गोड बोलला, आणि मग मेलेला उंट परत पटावर आणला. खेळतो त्याला बोलता येत नाही, बोलतो त्याला खेळता येत नाही.

माझ्या लेखी हुशार खेळाडू तो, जो आपली खेळी समोरच्याला समजावू शकतो. तरी इंजिनाला नावं ठेवणार नाही. कडेचं प्यादं डावाच्या मध्यातच रेटत न्यायला आम्ही घाबरायचो, राजा उघडा पडतो म्हणून. अल्फाझीरोचे डाव छापून आले आणि मोठमोठे खेळाडूही ते करायला लागले. शिकलं ते चांगलंच.

अनुस्वार

काका, तुमच्या शेवटच्या वाक्याला पुरावा जोडते. २०२३ मध्ये गोच्या १९५० ते २०२१ या काळातल्या ५८ लाखांहून जास्त खेळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कित्येक दशकं माणसांच्या खेळ्यांचा दर्जा फारसा हलला नव्हता. अल्फागोनंतर तो चढला, आणि आधी कुणी न खेळलेल्या खेळ्याही वाढल्या. नुसतं यंत्राचं पाठांतर असतं तर फक्त सुरुवातीच्या खेळ्या सुधारल्या असत्या. संशोधकांनी तेही तपासलं, आणि यंत्राच्या पाठ केलेल्या खेळ्या वगळूनही सुधारणा उरलीच.

'समजावू शकतो तो हुशार' याला मात्र माझा विरोध आहे. खूप मोठ्या खेळाडूंना विचारलं तर ते "तिथे घोडा बरा वाटला" एवढंच सांगतात.

गोबान

सांगलीकर काकांच्या मुद्द्यावरून चौथा डाव आठवला. ली सेडोल तीन डाव हरलेला. ७८ व्या खेळीला त्याने अल्फागोच्या रचनेत मधोमध पाचर मारली. तीसुद्धा दहा हजारात एक अशीच खेळी होती. अल्फागो बनवणाऱ्या डीपमाइंडच्या डेमिस हसाबिसने त्याच दिवशी सांगितलं की अल्फागोची चूक ७९ व्या खेळीला झाली, पण आपलं बिघडलंय हे त्याला साधारण ८७ व्या खेळीला उमगलं. मधल्या काळात तो स्वतःला जिंकताच समजत होता. उमगल्यावर त्याने जे खेळायला सुरुवात केली ते बघवत नव्हतं. जिंकण्याची शक्यता घसरली की समोरचा चुकेल तरच चालतील अशा खेळ्या तो शोधतो. ली सेडोलसारखा माणूस त्यात फसणार नाही, हा विचारच त्यात नाही. अल्फागोसमोर कोण बसलाय हे त्याला कधीच माहीत नव्हतं.

कावेबाज

आणि म्हणून तो घाबरलाही नाही. तीन डाव हरलेल्या ली सेडोलच्या चेहऱ्याकडे बघून दबाव घेणारा एखादा माणूस तिथे बसवा आणि मग बोला. समोरचा कोण हे माहीत असण्याचे तोटेही असतात, उंटरावांचा कास्पारोव्ह त्यातच गेला.

मास्तरीणबाई, एक शंका. तुमच्या हेक्सापॉनमध्ये हरत हरत एखाद्या पेटीतले सगळेच मणी संपले तर काय करायचं?

मास्तरीणबाई

रिकामी पेटी उघडली की यंत्राने डाव सोडला असं धरायचं, गार्डनरचा नियमच तसा आहे. त्या स्थितीत जायचं म्हणजे हरायचं, एवढाच त्याचा अर्थ. आणि मग त्याआधीच्या पेटीतला, तिथे घेऊन आलेला मणी काढून टाकायचा. मुलं हा भाग हमखास विसरतात, म्हणून मी तो फळ्यावर लिहून ठेवते.